बेहडापाणीची हजेरी

गस्त संपवून रुपा कुमरे कुटीवर परतली, तर छपरावर माणूस.

वानर असतं तर तिनं मान वर केली नसती. बोरच्या रानात वानरं रोजचीच, आणि बेहडापाणीच्या कुटीचं छप्पर तर त्यांना आंदणच दिलेलं. पण या वानरानं निळा शर्ट घातला होता, हातात लांब पाईप होता आणि दातांत तार धरलेली होती. रुपा वनरक्षक; अंगावर खाकी, हातात काठी. तिनं खालूनच दरडावलं की सरकारी छपरावर चढायची परवानगी कोणी दिली, आणि आत्ताच्या आत्ता खाली उतरा.

त्यानं दातांतली तार काढली आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला,

"उतरलो असतो मॅडम... पण शिडी तुमच्या सखूबाईनं नेली. अर्ध्या घंट्यापासून हाका मारून राह्यलो, वानरांशिवाय कोणी ओ देऊन नाई राह्यलं."

रुपाला हसू फुटलं. तिनं ते दाबलं, कारण वर्दीत हसायचं नाही असा तिचा एक खुळा नियम होता. सखू म्हणजे कुटीवर तिच्यासोबत राहणारी वनमजूर बाई; तिनं शिडी बेहड्याच्या झाडाला लावून ठेवली होती. रुपानं ती आणली, धरून उभी राहिली, आणि माणूस खाली आला. नाव नागसेन थूल, गाव अल्लीपूर. रेंज ऑफिसच्या कंट्रोल रूममधला नवा वायरलेस ऑपरेटर. रानातल्या सगळ्या कुट्यांना नवे सेट बसवत फिरत होता, आणि बेहडापाणी सगळ्यात आडबाजूची म्हणून शेवटी आली होती. त्या खोऱ्यात मोबाईल म्हणजे नुसता टॉर्च. नेटवर्कचं नाव काढायचं नाही.

बसवायचं काम तसं सोपं. फळीवर सेट, खाली कारमध्ये असते तशी बॅटरी, तिला भरायला छपरावर सोलरची पाटी, आणि शेजारी अँटेनाचा पाईप. लाल तार अधिकला, काळी उण्याला. नागसेननं रुपाला तार धरायला सांगितली, तिनं धरली. तो खाली वाकून नट आवळत होता आणि तिच्या लक्षात आलं की याच्या पापण्या पोरीसारख्या लांब आहेत. मग तिनं घाईघाईनं भिंतीवरच्या पालीकडे बघितलं.

बॅटरी इथं पायात येते, त्या कोपऱ्यात ठेवा की, असं ती म्हणाली तर त्यानं मान हलवली.

"तार जाड पायजे अन् आखूड पायजे. लांब, बारीक तार जोडली तं सेटवर ऐकू येईन, पण बोलता नाई येणार. ऐकाले करंट लागतेच किती? बोलाले लागते."

"मंग बारीकच जोडून द्या," रुपा म्हणाली. "मी कुठं जास्त बोलते."

"ते आता रोज सकाळी समजन," असं म्हणून त्यानं हात पुसले. सखूनं केलेला काळा चहा दोनदा मागून घेतला आणि गेला. दिवाळी नुकतीच झालेली. संध्याकाळी थंडी पडायची, आणि त्या दिवशी रुपाला ती जरा जास्तच पडल्यासारखी वाटली.

आता हजेरी कशी असते ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सकाळ-संध्याकाळ कंट्रोलवरून एकेका कुटीला पुकारतात. तिथल्या माणसानं उत्तर द्यायचं: कोण हजर, काय दिसलं, हवा कशी. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, मग समोरच्यानं बोलायचं. आणि सगळ्या कुट्या एकाच चॅनलवर. म्हणजे एकानं तोंड उघडलं की अख्खं रान कान देऊन ऐकतं. प्रेम करायला याहून नालायक जागा शोधून सापडायची नाही. पण माणसं काय, जागा बघून थोडीच प्रेमात पडतात?

नागसेन बेहडापाणीला सगळ्यात शेवटी पुकारायचा. हवा विचारायचा, अस्वल दिसलं का विचारायचा, आणि मग,

"बेहडापाणी, बॅटरी किती? ओव्हर."

"बारा पॉइंट चार. ओव्हर."

"बारा पॉइंट चार," तो सावकाश म्हणायचा, जसं काही तिनं ते खास त्याच्यासाठी राखून ठेवलंय. बाकी कुट्यांच्या बॅटऱ्या देवाच्या भरवशावर होत्या. एकदा एका वनरक्षकानं चॅनलवरच विचारलं की साहेब, आमची बॅटरी काय सावत्र हाये का, ओव्हर. त्या दिवशी नागसेननं सगळ्यांच्या बॅटऱ्या विचारल्या आणि दुसऱ्या दिवशी विसरला.

इकडे रुपा अंधारात उठायची, तोंड धुवायची, वेणी घालायची, टिकली लावायची, आणि मग सेट चालू करायची. सखू चुलीपाशी बसून बघायची. एक दिवस तिच्यानं राहवलं नाही.

"बाई, वायरलेसमधून तोंड दिसते का वो?"

रुपानं तिला गप्प बसवलं. पण खरं होतं ते. सकाळचं ते दोन मिनिटांचं बोलणं, संध्याकाळचं ते दोन मिनिटांचं, आणि मधला सगळा दिवस नुसती वाट. गस्तीवर सागाचा पाला तुडवत चालताना ती त्याचं 'बेहडापाणी' मनात परत परत वाजवायची. दुसऱ्या कुट्यांना तो पुकारायचा तेही ऐकायची, त्यांच्या वानरांच्या न् रानडुकरांच्या बातम्यांत तिला काडीचा रस नव्हता तरी. तिला तो आवाज हवा होता. आवाजाला हात लावता येत नाही याचा कधी कधी तिला रागच यायचा.

प्रत्यक्ष भेट त्या हिवाळ्यात एकदाच झाली. वर्ध्याला खात्याचं प्रशिक्षण होतं, दोघंही आलेले. संध्याकाळी बसस्टँडजवळच्या टपरीवर तर्री-पोहे घेऊन बसले आणि पंचाईत झाली. बोलायला अख्खं जग मोकळं, ऐकणारं कोणी नाही, आणि तोंडातून शब्द फुटेना. नागसेन काहीतरी सांगून थांबला. रुपा त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे. बराच वेळ गेला, मग तो खो खो हसत सुटला.

"ओव्हर," तो म्हणाला. "सांगाचं राह्यलं."

त्यानंतर मात्र दोघं बोलले. तिनं सांगितलं की आमच्या गोंडांत पूर्वी पोरगा सासऱ्याच्या घरी राहून काम करायचा, तेव्हा कुठं पोरगी मिळायची. तो म्हणाला, मले तं नुसती तार जोडता येते, तेवढ्यात चालन का? ती म्हणाली, तार जोडून मव्हाची फुलं वेचून होत नाहीत. तो म्हणाला, शिकीन. आणि मग बोलता बोलता, पोह्यांत चमचा फिरवत, त्यानं सांगितलं की आईनं हिंगणघाटची एक मुलगी बघायची ठरवलीय. कापूस विकून झाला की जायचं. आमच्या घरी बघायला गेलं म्हणजे साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख घेऊनच उठतात, आईला रिकाम्या हातानं परत यायची सवय नाही.

"कशी हाये?" रुपानं विचारलं.

"मले का मालूम. मी तं रोज एकीचीच बॅटरी इचारतो."

तर्रीचा असा ठसका लागला तिला की डोळ्यांतून पाणी. त्यानं पाण्याचा गिलास पुढे केला, पाठीवर थोपटायला हात उचलला आणि तसाच हवेत ठेवून परत घेतला. तेवढ्यात बस लागली. ती चढली, खिडकीत बसली, आणि जे म्हणायचं होतं ते तोंडातच राहिलं.

का राहिलं? तर दोन वर्षांपूर्वी तिलाही बघायला आले होते. पोहे खाल्ले, चहा प्याले, आणि बाहेर अंगणात तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले की पोरगी रानात राहते, पुरुषांबरोबर गस्त घालते, असली घरात काय टिकणार. तिच्या बापाची मान तेव्हा जी खाली गेली ती तिनं बघितली होती. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला. आपण होऊन आपलं मन कुणापुढं मांडायचं नाही, बापाला पुन्हा मान खाली घालायला लावायची नाही.

आणि आता तर बापच चॅनलवर आला. उन्हाळ्याच्या तोंडाशी आगीवर नजर ठेवायला टेकडीवरच्या मनोऱ्यावर माणूस लागतो. यंदा जंगूला, म्हणजे तिच्या बापाला, घेतलं आणि त्याच्या हातात एक वॉकीटॉकी दिला. जंगू मुलखाचा अबोल. सकाळ-संध्याकाळ "मनोरा हजर" एवढं म्हणायचा आणि गप्प. पण ऐकायचा सगळं. बापासमोर पदर सावरावा तसा रुपानं आवाज सावरला. बारा पॉइंट चार आता तिच्या तोंडून तहसीलदाराच्या नोटिशीसारखं निघू लागलं.

मार्चमधला शुक्रवार. संध्याकाळी आभाळ काळं झालेलं, वारा पडलेला. हजेरी संपत आली, बेहडापाणीची पाळी झाली, आणि नागसेन थांबला.

"बेहडापाणी... एक इचाराचं होतं. रविवारी दहा वाजता अल्लीपूरहून आमच्या घरची गाडी निघून राह्यली. हिंगणघाटले जाणार हाये. पण बेहडापाणीनं म्हटलं तं... गाडी दुसरीकडंही वळू शकते. ओव्हर."

 सगळ्या कुट्यांचे सेट चालूच होते. रुपाचं बोट बटणावर, बटण दाबलेलं, आणि डोळ्यांसमोर टेकडीवर एकटा बसलेला बाप.

"मेसेज भेटला. ओव्हर," ती म्हणाली.

बस, एवढंच. अहो, माणूस जीव काढून हातावर ठेवतो आणि ही पोहोचपावती देते.  नागसेन म्हणाला की उत्तर उद्या सकाळच्या हजेरीला दिलं तरी चालेल.

पाठोपाठ गारा आल्या. बोराएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. छपराची कौलं फुटली आणि पाण्याची धार लागली ती नेमकी बॅटरीवर. रुपानं धावत जाऊन बॅटरी उचलली. त्याची बॅटरी ती. जीव गेला तरी भिजू द्यायची नव्हती. सखूनं कंदील धरला, आणि रुपानं बॅटरी समोरच्या कोरड्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. सेटची तार तिथवर पुरेना, म्हणून दिव्याची जुनी वायर काढून जोडली. लाल अधिकला, काळी उण्याला, वर चिकटपट्टी. सेटचा दिवा लागला आणि तिला केवढं हायसं वाटलं. बाहेर गारा पडत असताना ती ठरवून टाकून झोपली: बाप ऐको की साहेब ऐको, सकाळी बोलायचंच.

शनिवारी सकाळी नागसेननं पहिल्यांदा बेहडापाणीलाच पुकारलं. गारपिटीनंतर कुटी ठीक आहे ना, ओव्हर. रुपानं बटण दाबलं. सेटचा दिवा विझला. सोडलं, तर पुन्हा लागला आणि त्याचा आवाज आला, "बेहडापाणी, बेहडापाणी, उत्तर द्या." पुन्हा दाबलं, पुन्हा विझला. दाबून दाबून तिचं बोट लाल झालं. तो बोलत होता ते शब्द न् शब्द ऐकू येत होतं, आणि तिचं एक अक्षर बाहेर जात नव्हतं. ढगाळ हवेत बॅटरी उतरली असेल असं तिला वाटलं. आपणच काय करून ठेवलंय ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग त्यानं मनोऱ्याला विचारलं की वरून बेहडापाणी दिसते का. आणि बापाचा आवाज आला.

"दिसते. आत्ताच आंगणात उभी होती पोरगी. बरी हाये."

"सेटवर काऊन येऊन नाई राह्यली? ओव्हर."

"ते मले नाई मालूम."

नागसेन म्हणाला, बरं. त्या एका 'बरं'मध्ये काय काय कोसळलं ते रुपाला कुटीत बसून ऐकू आलं. पोरगी धडधाकट आहे, अंगणात दिसते, फक्त बोलत नाही. मग अर्थ काय घ्यायचा माणसानं? तिनं माईक भिंतीवर आपटायचा बाकी ठेवला.

सखू म्हणाली, टेकडीवर जा, बापाच्या सेटवरून बोल. दोन घंट्यांची चढण आहे, पण जाशील. रुपानं तिच्याकडे असं बघितलं की सखूच वरमली. बापाच्या हातातून सेट घ्यायचा, त्याच्या शेजारी बसायचं, आणि परक्या पोराला सांगायचं की गाडी माझ्याकडे वळव? बरं, फोन करायला गावात जावं तर गारपिटीनं तिथली वीज गेलेली, टॉवरही मेलेला.

"भीड भिकेची बहीण असते, बाई," सखू म्हणाली आणि फुटकी कौलं वेचायला गेली.

संध्याकाळी हजेरी झाली. शेवटी त्यानं पुकारलं, तिनं दाबलं, दिवा विझला.

"बेहडापाणी ऐकत असन तं..." तो थांबला. "काई नाई. बॅटरी सांभाळा. ओव्हर." आणि मग कोरड्या आवाजात सांगितलं की उद्यापासून तो सुटीवर आहे, कंट्रोलवर मेघा मॅडम असतील.

रुपा माईक हातात घेऊन बसून राहिली. मग तिनं बटण न दाबताच बोलायला सुरुवात केली. सगळं बोलली. वेणीचं सांगितलं, टिकलीचं सांगितलं, पापण्यांचंसुद्धा. त्या दिवशी तर्रीचा ठसका नव्हता, मला रडू आलं होतं, असंही सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी खात्याची जीप आली. चालक वासुदेवराव, पिकलेल्या मिशांचे, सेवानिवृत्तीला टेकलेले. फुटक्या छपरांसाठी ताडपत्र्या वाटत निघाले होते. अजून दोन कुट्या व्हायच्या होत्या, मग दुपारनंतर परत. रुपाचा जीव नुसता वरखाली झाला. दुपारी निरोप पोचून काय उपयोग? गाडी दहाला सुटणार. हजेरी आठला.

तिनं वासुदेवरावांना म्हटलं, काका, जीपची बॅटरी द्या थोड्या वेळासाठी, सेट लावायचाय. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. जीपच्या बॅटरीपासून त्यांनी आजवर मेकॅनिकलासुद्धा बायकोसमोरच्या परपुरुषासारखं लांब उभं केलेलं.

"काऊन पायजे?"

रुपानं खाली बघितलं. अर्जंट काम आहे, असं म्हणणार होती. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"दहा वाजता एक गाडी चुकीच्या गावाले चालली, काका. थांबवाची हाये."

वासुदेवरावांनी जीपची किल्ली पुन्हा हातात घेतली.

"अवो पोरी, अख्ख्या रेंजले मालूम हाये ते. तू बोलाची बाकी होती," ते म्हणाले आणि जीप कुटीच्या भिंतीला आणून लावली.

रुपानं कोपऱ्यातली बॅटरी सोडली, तीच वायर खिडकीतून बाहेर काढली आणि जीपच्या बॅटरीला जोडली. सेट लागला. हजेरी सुरूच झाली होती, मेघा एकेक कुटी पुकारत होती. रुपानं बटण दाबलं. दिवा विझला.

वासुदेवरावांना बॅटरीचा अपमान सहन झाला नाही. नवी बॅटरी आहे, जीप एका झटक्यात उठते, दोष माझ्या बॅटरीचा नाही, तुझ्या तारेचा बघ, असं त्यांनी बजावलं. आणि मग रुपानं ती तार बघितली. दिव्याची, बारीक, लांबच लांब, चिकटपट्टी लावलेली. आपल्याच हातानं लावलेली. दोन दिवस बॅटरी बिचारी उगाच शिव्या खात होती. कपाळावर हात मारून घ्यायलाही तिनं वेळ घालवला नाही. बारीक वायर तोडून फेकली, सेट फळीवरून काढला, अँटेनाची केबल खिडकीतून ओढली. ती जीपच्या तोंडापर्यंत जेमतेम पुरली. मग सेटची स्वतःची जाड, आखूड तार थेट बॅटरीवर. सेट ठेवायला जागा नव्हती, म्हणून वासुदेवरावांनी तो लेकरासारखा छातीशी धरला.

तिनं बटण दाबलं. दिवा राहिला. जळतच राहिला.

"कंट्रोल, बेहडापाणी," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. "बेहडापाणी हजर. दोन दिवस हजरच होती. सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. तार चुकली होती. ओव्हर."

मेघा म्हणाली, बरं झालं, सगळे काळजीत होते, दुसरं काही सांगायचंय का.

इथं रुपाला 'नाही' म्हणता आलं असतं. तो तर कंट्रोलवर नव्हताच. ऐकत होते ते बाकीचे सगळे, सगळ्या कुट्यांवरचे पुरुष, कदाचित साहेब, आणि टेकडीवर बाप. त्यांना वर्षभर चघळायला विषय मिळणार होता. तिनं डोळे मिटले.

"नागसेन थूल यायले निरोप द्याचा हाये. गाडी हिंगणघाटले नेऊ नका. माह्या घरी आणा. ते... मले पायजेत. ओव्हर."

बाजूला वासुदेवराव खोकले.  मग मेघाचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा ओला, की बेहडापाणीनं सेटजवळच थांबावं, कोणीही मधे बोलू नये. ती फार हुशार बाई. तिनं आपल्या मोबाईलवरून नागसेनला फोन लावला, निरोप सांगितला, आणि तो मोबाईल कंट्रोलच्या माईकला चिकटवून धरला. तर अल्लीपूरच्या घरातली भांड्यांची खडखड बेहडापाणीच्या रानात ऐकू यायला लागली.

"रुपा?" त्यानं चॅनलवर तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली. "गारा लागल्या नाई ना तुले?"

एवढं सगळं झाल्यावर पोरगा हे विचारतो. तिला उत्तर द्यायलाही मिळालं नाही, कारण पलीकडे फोन कुणीतरी हिसकावून घेतला होता. पंचफुलाबाई, त्याची आई.

"पोरी, मले ते ओव्हर-फोवर समजत नाई, मी बोलतो ते आयक. हा दोन दिवसांपासून जेवला नाई. आमच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून घरात बोलणं हाये का सून आणताना जात पाहाची नाई. बोलणंच हाये, केलं कोणीच नाई अजून. आता करतो. हिंगणघाटवाल्यायची मी हात जोडून माफी मागतो, गाडी सांगितलीच हाये, ती कुठं का जाईना. पण तुह्या बापाचं काय? तो आमाले दारात उभं करन का?"

 आता रुपाची पाळी होती. वासुदेवरावांनी सेट धरलेले हात किंचित वर केले, म्हणजे बोल.  ती टेकडीकडे बघत राहिली. उन्हात मनोरा दिसत होता, त्यावरचा माणूस दिसत नव्हता.

खट्‍ आवाज झाला, आणि जंगू बोलला. गोंडीत बोलला. त्या चॅनलवर गोंडी समजणारी माणसं ही दोनच, बाप आणि लेक. सगळं रान ऐकत होतं आणि कुणाला ओ की ठो कळलं नाही. मला कळलं ते रुपानं नंतर सांगितलं म्हणून.

तो म्हणाला होता: शुक्रवारी त्या पोरानं विचारलं तेव्हा मी ऐकलं. काल दिवसभर कानाला सेट लावून बसलो की माझी पोर आता बोलेल, मग बोलेल. तू अंगणात उभी दिसत होतीस. मला वाटलं, माझी भीड धरून गप्प राहिली. माझी मान त्या दिवशी खाली गेली ती तुझी लाज वाटून नाही, पोरी. त्या लोकांना दारातून हाकलायची माझी हिंमत झाली नाही, त्याची लाज वाटली. येऊ दे यांना. मी उतरतो खाली. कोंबडा धरायला सखूला सांग.

रुपानं तोंडावर मूठ दाबून धरली. मग बटण दाबलं, आणि त्याच भाषेत, बापाला, काहीतरी छोटंसं म्हणाली. ते काय म्हणाली ते तिनं मलाही सांगितलं नाही.

 मग भांड्यांच्या खडखडीतून, गाडीच्या हॉर्नमधून, नागसेनचा आवाज आला, दबका, घाबरलेला.

"बेहडापाणी, मनोऱ्याचा मेसेज समजला नाई... मामा हो म्हणाले का नाई? काय म्हणाले? ओव्हर."

रुपानं डोळे पुसले. वर्दीत होती तरी हसली, चांगली मोकळी हसली, आणि अख्ख्या रेंजनं ते ऐकलं.

"येऊन त्यायलेच इचारा," ती म्हणाली. "अन् गोंडी शिकावं लागन. ओव्हर."